१८०२: पेशवा पुणे सोडून गेला, त्याचा हिशेब कोणाच्या अंगावर पडला?

देशावरचा

२५ ऑक्टोबर १८०२, ऐन दिवाळी. पुण्याच्या पूर्वेला हडपसर-घोरपडीच्या माळावर एका बाजूला यशवंतराव होळकर, दुसऱ्या बाजूला शिंद्यांचे सरदार सदाशिवराव भास्कर आणि पेशव्यांची फौज. दुसरा बाजीराव विजय गृहीत धरून वाड्याबाहेर पडला, तोफांचे आवाज ऐकून दक्षिणेला वळला आणि निकाल कळताच सिंहगडाच्या वाटेला लागला. तिथून रायगड, महाड, मग हर्णैजवळचा सुवर्णदुर्ग, आणि डिसेंबरात इंग्रजी जहाजातून वसई. ३१ डिसेंबरला वसईचा तह झाला.

आपण त्याला पळपुटा म्हणतो आणि विषय तिथेच संपवतो. मला यात मोठी चूक दिसते. भित्रेपणा हा माणसाचा स्वभाव झाला, त्याने राज्य बुडत नाही. राज्य बुडाले ते त्या पळण्याच्या मोबदल्यात जे लिहून दिले त्याने. आणि ते लिहून देण्याची तयारी वसईत झाली नाही. लढाई चालू होती त्याच दिवशी बाजीरावाचा कारभारी इंग्रज रेसिडेंट (पुणे दरबारातला कंपनीचा वकील) बॅरी क्लोज याच्याकडे प्रस्ताव घेऊन गेला होता: कंपनीच्या पलटणी द्या, त्यांच्या खर्चाला मुलूख लावून देतो. म्हणजे सरदार माळावर मरत होते तेव्हा त्यांच्या धन्याने दुसरा रखवालदार ठरवत आणला होता.

तहातली कलमे बघा. कंपनीच्या किमान ६,००० कवायती पायदळाची तैनात कायमची. तिच्या खर्चासाठी २६ लाख रुपये उत्पन्नाचा मुलूख कंपनीला. सुरतेवरचा हक्क सोडला. निजाम आणि गायकवाड यांच्याशी असलेल्या देण्याघेण्याचे वाद इंग्रजांच्या मध्यस्थीने मिटवायचे. परराज्यांशी बोलणी इंग्रजांना विचारल्याशिवाय करायची नाहीत. इंग्रजांशी वैर असलेल्या युरोपियनांना चाकरीत ठेवायचे नाही.

यातल्या फौजेच्या कलमावर सगळे बोलतात. मला निजाम-गायकवाडाचे कलम जास्त घातक वाटते. पेशवाईचे उत्पन्न फक्त जमिनीच्या साऱ्यातून येत नव्हते. चौथाई, सरदेशमुखी, खंडणीच्या थकबाक्या, गायकवाडांकडचे येणे हा त्या राज्याचा मोठा आधार होता, आणि हे येणे वसूल व्हायचे ते पाठीशी फौज असल्यामुळे. १७९५ च्या मार्चमध्ये खर्ड्याला सगळे सरदार एकत्र आले आणि निजामाकडून तीन कोटींची कबुली घेतली. साडेसात वर्षांनंतर त्याच निजामाकडचे येणे मागायला पेशव्याला इंग्रजांच्या दारात जावे लागणार होते. येणे कागदावर राहिले, वसुलीचा हात गेला.

गायकवाडांच्या हिशेबाचे पुढे काय झाले ते सगळ्यांना ठाऊक आहे. तो मिटवायला गायकवाडांचे कारभारी गंगाधरशास्त्री पटवर्धन इंग्रजांच्या हमीवर पुण्यात आले आणि जुलै १८१५ मध्ये पंढरपुरात त्यांचा खून झाला. त्यातून खुनाचा आरोप आलेल्या, बाजीरावाच्या मर्जीतल्या त्रिंबकजी डेंगळ्यांचे प्रकरण, त्यातून जून १८१७ चा पुणे करार, आणि त्यात पेशव्याने मराठा मंडळाचे प्रमुखपदही सोडले. हा सगळा दोरा वसईच्या एका कलमापासून सुरू होतो.

माझे म्हणणे असे की मे १८०३ मध्ये आर्थर वेलस्लीच्या संगिनींच्या जोरावर बाजीराव परत गादीवर बसला, त्या दिवसापासून त्याला ना सरदारांची गरज उरली, ना सावकाराच्या विश्वासाची, ना रयतेची. पुढची पंधरा वर्षे त्याने जो कारभार केला तो या बेफिकिरीतून आला. यावर चर्चा व्हावी. वेगळे मत असेल तर जरूर मांडा, पण "त्याच्या जागी नाना असते तर" एवढ्यावर थांबू नका. नाना फडणीस मार्च १८०० मध्ये गेले होते.

खाडीकाठ

वसईचा आहे, म्हणून लिहितो. किल्ला बघायला येणारे सगळे १७३९ आणि चिमाजीअप्पा विचारतात. १८०२ कोणी विचारत नाही. दोन्ही घटनांत ६३ वर्षांचे अंतर आहे आणि चिमाजीअप्पा या बाजीरावाच्या आजोबांचे सख्खे भाऊ. आमच्याकडच्या शाळेतल्या मुलांना तहाचे नाव माहीत असते, त्यात काय लिहिले होते ते माहीत नसते. कलमे दिलीत ते फार बरे केलेत.

सरंजाम

लेख आवडला, तरी बाजीरावांची बाजू कोणीतरी मांडायला हवी.

ऑक्टोबर १८०२ मध्ये त्यांच्यासमोर पर्याय कोणते होते? दौलतराव शिंदे स्वतः उत्तरेत अडकलेले. बारामतीजवळ होळकरांचा सरदार फत्तेसिंग माने याने पेशव्यांच्या फौजेचा आधीच धुव्वा उडवलेला. पुण्यात थांबले असते तर यशवंतरावांच्या हातात सापडले असते, आणि एप्रिल १८०१ मध्ये विठोजी होळकरांना शनिवारवाड्यासमोर हत्तीच्या पायी दिल्यानंतर त्या माणसाकडून दयेची अपेक्षा कशी ठेवायची? यशवंतराव परत या म्हणून निरोप पाठवत होते हे खरे, पण सख्ख्या भावाचा तसा अंत करणाऱ्याला परत बोलावणाऱ्याच्या शब्दावर तुम्ही-आम्ही तरी विश्वास ठेवला असता का?

दुसरे, इंग्रजांची तैनाती फौज घेणारे बाजीराव पहिले नव्हेत. निजामाने १७९८ मध्ये घेतली. बडोद्याच्या गायकवाडांनी १८०२ मध्येच, वसईच्या आधी. खुद्द बाजीरावांचे दत्तक भाऊ अमृतराव, ज्यांना होळकरांनी पुण्यात कारभारावर बसवले, ते पुढे इंग्रजांकडून सालीना सात लाखांची नेमणूक घेऊन काशीला गेले. आणि वडील रघुनाथरावांनी १७७५ मध्ये सुरतेला इंग्रजांशी केलेला तह तर घरातलाच दाखला होता. एकट्या बाजीरावांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे मला न्यायाचे वाटत नाही.

देशावरचा

सरंजामसाहेब, जिवाची भीती खरी होती, मान्य. पुणे सोडण्याबद्दल मी त्याला दोष देतच नाही. राजारामाने रायगड सोडला, जिंजी गाठली आणि तिथून राज्य लढवले. राजधानी सोडणे ही आपल्याकडे नवी गोष्ट नव्हती.

फरक इथे आहे. राजाराम निघाला तेव्हा मागे रामचंद्रपंत अमात्य होते, संताजी-धनाजी होते, आणि कोणी काय करायचे हे ठरलेले होते. बाजीराव निघाला तेव्हा मागे काहीच ठरलेले नव्हते. महाडात, सुवर्णदुर्गात त्याला आठवड्यांमागून आठवडे मिळाले. शिंद्यांची वाट बघता आली असती, नागपूरकर रघूजी भोसल्यांना मध्ये घालता आले असते. होळकरांच्या मागण्या अशक्य नव्हत्या: शिंद्यांच्या कैदेतल्या लहानग्या पुतण्याला, खंडेरावाला सोडा आणि होळकरांचे महाल (वसुलीचे परगणे) परत द्या. ही भाऊबंदकी होती आणि भाऊबंदकी मिटवायला देशमुख-पंच बोलावतात. त्याने कंपनी बोलावली.

गायकवाड आणि निजाम यांनी आपापले घर गहाण टाकले. पेशव्याच्या सहीत सगळ्यांचे घर होते, म्हणूनच शिंदे आणि भोसले तो तह मानायला तयार झाले नाहीत आणि १८०३ चे युद्ध झाले.

नगरकरीण

राजकारणावर तुम्ही सगळे जाणकार बोलताच आहात. मी खेड्यापाड्यांचे बोलते, कारण या धाग्याच्या नावातला हिशेब तिथे फेडला गेला.

१८०३-०४ चा दुष्काळ नगर-पुणे भागात अतिशय भयंकर होता. पाऊस ओढला हे कारण होतेच, पण त्याआधीचे वर्ष डोळ्यांसमोर आणा. होळकरांच्या फौजा खानदेशातून गोदावरी उतरून पुण्याकडे आल्या. त्यांच्याबरोबर आणि त्यांच्यामागून पेंढारी. पगार नसलेली फौज ज्या गावातून जाते त्या गावाची उभी पिके घोड्यांच्या तोंडी जातात, पेवे (जमिनीखालची धान्याची कोठारे) उकरली जातात, कडब्याच्या गंजी संपतात. त्यानंतर इंग्रजांच्या फौजा आल्या. ऑगस्ट १८०३ मध्ये नगरचा किल्ला वेलस्लीने घेतला. त्या फौजेला धान्य पुरवायला लमाणांचे तांडे लागत. जे बैल एरवी एका प्रांतातले धान्य दुसऱ्या प्रांतात नेत, ते सैन्याच्या मागे चालू लागले. मग पाऊस गेला तेव्हा एकीकडे गावात बियाणे नाही, दुसरीकडे बाहेरून धान्य आणायला बैल नाही. दुष्काळ पावसाने सुरू झाला असेल, तो इतका जीवघेणा युद्धाने केला.

वेलस्लीच्या स्वतःच्या पत्रांत नगरच्या उपासमारीचा उल्लेख आहे. माणसे गावे सोडून कोकणात उतरली, तिथून मुंबईला गेली. मुंबईतली देशावरची वस्ती वाढण्यामागे हेही एक कारण आहे.

आणखी एक. उजाड झालेले गाव पुन्हा लागवडीला यायला पिढी जाते. बैल नाहीत, कुणबी परतत नाहीत, विहिरी बुजतात. पाटलाला कौल देऊन, पहिली काही वर्षे सारा माफ करून माणसे बसवावी लागतात. हे काम थोरल्या माधवरावांच्या आणि नानांच्या काळातल्या मामलेदारांना येत होते. १८०४ नंतर ते कोणी करायचे?

हुंडीवाला

नगरकरीणताईंच्या शेवटच्या प्रश्नाला पैशाच्या बाजूने उत्तर देतो.

पेशवाईचा गाडा सावकारीवर चालायचा. हप्ता यायच्या आधी फौजेला पैसा लागे, तो सावकार देई, आणि सरकार त्याला एखाद्या महालाच्या वसुलावर वरात (तिथून परस्पर पैसे घेण्याची चिठ्ठी) देई. हुंडीवर पुण्याहून काशीपर्यंत पैसा फिरे. हे सगळे एका भरवशावर उभे होते: सरकार उद्याही असेल आणि सावकाराच्या वाड्यावर चौकी बसवणार नाही.

तो भरवसा हडपसरच्या आधीच तडकला होता. १७९६ मध्ये गादी मिळवताना बाजीरावाने दौलतराव शिंद्यांना कोट्यवधी रुपये कबूल केले. खजिन्यात ते नव्हते. मग १७९८ मध्ये शिंद्यांचे सासरे सर्जेराव घाटगे यांना पुण्यातून पैसा उकळायची मोकळीक मिळाली. सावकार, कारकून, नानांच्या बाजूची माणसे यांना पकडून, मारहाण करून, तापल्या तोफेला बांधून पैसे काढले. यात माणसे मेली. हे परक्या शत्रूने केले नाही, पेशव्याच्या संमतीने त्याच्याच राजधानीत झाले.

चार वर्षांनी पेशवा पळाला आणि होळकरांनीही त्याच शहरावर पट्टी बसवली. तेच सावकार, तीच पेठ. ज्याच्याकडे रोकड उरली होती त्याने ती पुरली किंवा बाहेर काढली. म्हणून १८०३ मध्ये परत आलेल्या बाजीरावाला जुन्या पद्धतीने पैसा उभा करणे अवघड होते. इजारे (वसुलीचे ठेके) वाढले ते यातून. सावकार आगाऊ पैसा देत नसेल तर महालच लिलावात काढा आणि बोली लावणाऱ्याकडून आगाऊ घ्या.

माळवा

इंदूरहून लिहितो आहे. आमच्या घरात सहाव्या पिढीत मराठी टिकून आहे, म्हणून होळकरांना पेंढाऱ्यांच्या रांगेत बसवलेले वाचले की वाईट वाटते.

हडपसर जिंकल्यावर यशवंतरावांनी पुण्यात लगेच लूट होऊ दिली नाही. शहराबाहेर तळ ठेवला, चौक्या बसवल्या, आणि पेशव्याने परत यावे म्हणून निरोप धाडले. पैशाची सक्ती सुरू झाली ती पेशवा परत येत नाही हे दिसू लागल्यावर. फौज पगार मागत होती, देणारा धनी पळून गेलेला. सक्ती झाली, लोकांचे हाल झाले, हे मी नाकारत नाही. पण सप्टेंबर १७९७ मध्ये पुण्यात यशवंतरावांचे सावत्र भाऊ मल्हारराव होळकरांना शिंद्यांच्या फौजेने मारले, १८०१ मध्ये विठोजींना हत्तीच्या पायी दिले, त्याच वर्षी घाटग्यांनी इंदूर लुटून जाळले. या घराण्याने न्याय मागायचा तरी कोणाकडे? न्याय देणारा पेशवा, तोच शिंद्यांच्या मुठीत.

आणि १८०४ मध्ये मॉन्सनच्या इंग्रज फौजेला मुकुंदराच्या घाटापासून आग्र्यापर्यंत हाकलत नेणारा हाच यशवंतराव होता.

सरंजाम

माळवासाहेब, यशवंतरावांच्या पराक्रमाबद्दल दुमत नाही. पण मग १८०३ मध्ये शिंदे-भोसले असई आणि अडगावला इंग्रजांशी लढत होते तेव्हा होळकर बाजूला का राहिले? त्यांनी त्या सप्टेंबरात हात दिला असता तर वसईचा तह कागदावरच राहिला असता.

माळवा

हा प्रश्न आम्हालाही सलतो. शिंद्यांवरचा अविश्वास इतका खोल होता की त्यांनी थांबून पाहिले. इंग्रजांनीही तोवर त्यांना मुद्दाम डिवचले नाही. डिसेंबर १८०३ संपेपर्यंत देवगाव आणि सुर्जी-अंजनगावचे तह झाले होते, आणि एप्रिल १८०४ मध्ये होळकरांवर युद्ध पुकारले गेले तेव्हा ते एकटे होते.

देशावरचा

याच ठिकाणी वसईची खरी किंमत दिसते. त्या एका वर्षात शिंद्यांकडून दिल्ली, आग्रा, गंगा-यमुनेचा दुआब, भरूच आणि नगर गेले. भोसल्यांकडून कटक गेले आणि वर्धेच्या पश्चिमेचे वऱ्हाड निजामाच्या पदरात पडले. महादजींनी जन्मभर खपून उत्तरेत जे उभे केले होते ते, बादशहाच्या रक्षणाच्या मानासकट, सप्टेंबर १८०३ मध्ये कंपनीकडे गेले. हा सगळा मुलूख वसुली देणारा होता. ते वर्ष संपले तेव्हा पेशव्याच्या नावाने वसुली देणारे हिंदुस्थानातले सरदार अर्धे झाले होते.

उगवती

एक शंका. इंग्रजांना तरी हा तह फायद्याचा पडला का? वाचनात आले होते की लंडनमध्येही यावर टीका झाली.

देशावरचा

झाली, आणि कडक झाली. कंपनीच्या कारभारावर देखरेख ठेवणाऱ्या मंडळाचा अध्यक्ष लॉर्ड कॅसलरे याने १८०४ मध्येच म्हटले की या तहाने आपण मराठ्यांच्या न संपणाऱ्या भांडणांत स्वतःला गुंतवून घेतले आहे. गव्हर्नर-जनरल रिचर्ड वेलस्लीच्या (आर्थरचा थोरला भाऊ) लढायांनी कंपनीचे कर्ज फुगले, संचालक वैतागले आणि १८०५ मध्ये तो मायदेशी परतला. पण लंडनला खर्च नको होता, मुलूख नको होता असे नाही. मिळालेले कोणी परत दिले नाही. पुण्याशी त्यांनी २६ लाखांच्या मुलखातला गुजरात-कर्नाटकातला काही भाग बदलून बुंदेलखंडातला मुलूख घेतला, म्हणजे सौदा आपल्या सोयीने सुधारूनही घेतला.

आता हुंडीवाला यांच्या इजाऱ्याच्या मुद्द्याकडे येतो, कारण माझ्या मते धाग्याचा गाभा तो आहे. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन १८११ पासून पुण्यात रेसिडेंट होता. पेशवाई बुडाल्यावर १८१९ मध्ये त्याने वरिष्ठांना जो अहवाल पाठवला त्यात ही पद्धत तपशिलात आहे. मामलत (परगण्याच्या वसुलीचा आणि कारभाराचा अधिकार) पूर्वी अनुभवी, विश्वासू माणसाला मिळे. बाजीरावाच्या काळात ती त्याच्या खासगीतल्या माणसांत लिलावाने जाऊ लागली. चढी बोली लावायला उत्तेजन, मागे सरणाऱ्यावर नाराजी. पुढच्या वर्षी दुसऱ्याने जास्त दिले की पहिल्याची उचलबांगडी. इजारदार पोटइजारदारांना वाटून देई, ते आणखी खाली, शेवटी पाटलापर्यंत. ज्याच्या हातात गाव एकाच वर्षासाठी आहे तो विहीर कशाला बांधेल, कौल कशाला देईल? तो मिळेल ते ओरबाडून घेईल. फिर्यादही त्याच्याकडेच करायची, कारण न्यायही त्याच्याच हाती.

एल्फिन्स्टन विजेत्याच्या बाजूचा होता, जुन्या राज्याचे दोष दाखवण्यात त्याचा फायदा होता, हे धरूनच मी वाचतो. पण त्याच अहवालात तो नानांच्या काळातल्या मामलत-व्यवस्थेबद्दल आदराने लिहितो, त्यामुळे हा भाग मला विश्वासार्ह वाटतो.

पूर्वी असे ओरबाडणे एका मर्यादेपुढे जात नसे, कारण गावे ओस पडली की सरंजामदाराची पथके उभी राहत नसत आणि पथके नसली की पेशवा उघडा पडे. १८०३ नंतर पेशव्याच्या रक्षणाला कंपनीची पलटण होती. तिचा खर्च मुलूख तोडून देऊन भागवलेला. रयत जगो वा मरो, त्याच्या गादीला धक्का लागत नव्हता.

नगरकरीण

आणि जी पथके लागेनाशी झाली त्यांतल्या शिपायांचे काय?

माळवा

ताई, ते आमच्या भागात आले. शिंद्यांनी मुलूख गमावला, होळकरांनी १८०५ च्या डिसेंबरात राजघाटचा तह केला, दोघांचेही उत्पन्न आटले, फौजा कमी झाल्या. पेशव्याला तैनाती पलटणींमुळे जुन्या पागांची गरज उरली नाही. घोडा आणि भाला सोडून दुसरा धंदा न शिकलेली हजारो माणसे चाकरीवाचून फिरू लागली. त्यातली बरीच नर्मदेच्या खोऱ्यात करीमखान, चितू, वासिल महंमद यांच्या टोळ्यांना मिळाली. १८०५ नंतर पेंढारी इतके माजले त्याच्यामागे ही बेकारी आहे. दसऱ्यानंतर नद्या उतरल्या की टोळ्या निघत आणि वऱ्हाड-खानदेशापासून पार आंध्राच्या किनाऱ्यापर्यंत जात. ज्या खेड्यांतून हे शिपाई पूर्वी भरती होत, त्यांच्यासारखीच खेडी आता ते लुटत होते.

पेंढाऱ्यांचा बंदोबस्त करायचा म्हणून १८१७ मध्ये लॉर्ड हेस्टिंग्जने एक लाखाहून जास्त फौज उत्तरेकडून आणि दक्षिणेकडून नर्मदेच्या दिशेने आणली. ती गोळा होत असतानाच, ५ नोव्हेंबरला बाजीरावाने खडकीला इंग्रजांवर हत्यार उचलले.